रिचमंड पार्कची सहल ठरवण्याआधी: लंडन परिसरातल्या मराठी मंडळांना खुले पत्र

लंडन आणि आसपासच्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांना,

स. न. वि. वि.

दर वर्षी आपल्यातलं कुठलं ना कुठलं मंडळ रिचमंड पार्कला सहल नेतं. भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की त्यांनाही आपण तिथेच नेतो. तिकीट नाही, गर्दीचा जाच नाही, आणि थेम्सच्या काठच्या शहरात चक्क मोकळी फिरणारी हरणं. आपण तिथे जाऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नाही, उलट आणखी जावं. पण मी या पार्कच्या किंग्स्टनच्या बाजूला राहते, बाराही महिने तिथे चालते, आणि आपल्या सहलींमध्ये जे पाहते त्याने अस्वस्थ होऊन हे पत्र लिहिते आहे.

म्हणणं एवढंच आहे. आपण त्या जागेकडे सार्वजनिक बाग म्हणून पाहतो, आणि बागेत जे अस्ताव्यस्त दिसेल ते आपल्याला बिनमोलाचं वाटतं. रिचमंड पार्कमध्ये हाच हिशेब चुकतो. तिथली कुजणारी खोडं, गवतातले उंचवटे, उन्हाळ्यात पिवळं पडणारं खुरटं गवत, हीच तिथली खरी संपत्ती आहे. आणि आपली मुलं, आपल्या चटया, आपले क्रिकेटचे स्टंप नेमके तिथेच जातात.

आधी ही जागा अशी राहिली कशी ते सांगते. 1625 मध्ये लंडनला प्लेगची साथ आली तेव्हा पहिला चार्ल्स राजा दरबार घेऊन रिचमंडच्या राजवाड्यात आला. शिकारीची हौस होतीच. 1637 मध्ये त्याने आसपासची शेतं, गायरानं आणि झाडी यांच्याभोवती विटांची भिंत घातली, जवळपास 13 किलोमीटर लांबीची, आणि आत हरणं सोडली. लोकांच्या जमिनी आणि चराईची रानं भिंतीआड गेली, त्यावर मोठी नाराजी झाली. मग निदान पायी जाणाऱ्यांची वाट राजाने मोकळी ठेवली. पुढे 1649 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, पार्क काही वर्षं लंडन शहराच्या कारभाऱ्यांकडे होतं, 1660 मध्ये ते दुसऱ्या चार्ल्सकडे परत आलं. राजे बदलले, भिंत राहिली. आत कारखाना उभा राहिला नाही, घरांच्या रांगा आल्या नाहीत. महायुद्धाच्या काळात काही जमीन नांगरली गेली, तरी बहुतेक भाग शतकानुशतकं फक्त हरणांच्या तोंडाखाली राहिला. आज साडेनऊशे हेक्टरांवर पसरलेलं हे लंडनच्या राजघराण्याच्या उद्यानांपैकी सर्वांत मोठं उद्यान आहे. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याच्या दहापट मोठं आहे हे खरं. पण एवढ्या जुन्या झाडांची एवढी दाट वस्ती, तीही महानगराच्या हद्दीत, युरोपात फार थोड्या ठिकाणी सापडते.

आपला तिथे जाण्याचा हक्कही कुणीतरी भांडून मिळवलेला आहे, आणि ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. 1751 मध्ये राजकन्या अमेलिया पार्कची रेंजर, म्हणजे राजाच्या वतीने देखरेख करणारी प्रमुख, झाली आणि तिने ओळखीच्या मोजक्या लोकांखेरीज सगळ्यांना दरवाजे बंद केले. रिचमंडमधला जॉन लुईस नावाचा बिअर बनवणारा व्यापारी फाटकावरच्या बाईविरुद्ध कोर्टात गेला. 1758 मध्ये किंग्स्टनच्या कोर्टात तो जिंकला. पायी जाणाऱ्यांसाठी दार हवं की भिंतीवर शिडी, असं विचारल्यावर त्याने शिडी मागितली, कारण दाराला पुन्हा कडी लागू शकते. पहिल्या शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लांब लांब बसवल्या गेल्या, तेव्हा तो परत गेला आणि मुलांना, म्हाताऱ्या माणसांना चढता येतील अशा पायऱ्या करवून घेतल्या. एका सामान्य माणसाने राजघराण्याकडून मिळवलेली ही वाट आहे. तुमचे-माझे वडील गुडघे दुखत असतानाही त्या पार्कात सुखाने फिरतात, ते या वाटेवरून.

आता झाडांकडे वळते, कारण माझा जीव तिथे जास्त गुंतला आहे.

पार्कात ओकची हजाराहून जास्त वृद्ध झाडं आहेत. त्यातली काही भिंतीच्याही आधीची, जुन्या शेतांच्या बांधावरची. आज शेत नाही, बांध नाही, पण ओकची झाडं एका ओळीत उभी दिसतात तेव्हा तो बांध डोळ्यांपुढे येतो. अनेक झाडांचं खोड बुटकं, फुगीर आणि वरून पंजासारखं फुटलेलं आहे. पूर्वी ती माणसाच्या डोक्याच्या वर, हरणाचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, पुन्हा पुन्हा छाटत. सरपण मिळे, चारा मिळे, आणि झाडाला नवी फूट येई. असं छाटलेलं झाड शेकडो वर्षं जगतं आणि आतून पोकळ होत जातं. आपल्याला ते आजारी वाटतं. पोकळ होणं हा त्याच्या म्हातारपणाचा नेहमीचा भाग आहे, आणि त्या पोकळीत एक अख्खी वसाहत राहते: वटवाघळं, घुबडं, सुतारपक्षी, बुरशीचे दुर्मीळ प्रकार, आणि भुंगेरे. नुसत्या भुंगेऱ्यांच्याच हजाराहून जास्त जाती या पार्कात नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनमधल्या एकूण जातींच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जाती या एका भिंतीच्या आत आहेत.

त्यातला स्टॅग बीटल आपण ओळखायलाच हवा. ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा भुंगेरा. नराचे जबडे हरणाच्या शिंगांसारखे वाढलेले, तांबूस काळे. नर साडेसात सेंटिमीटरपर्यंत भरतो. मादी जमिनीखाली, कुजणाऱ्या लाकडाजवळ अंडी घालते. अळी ते मेलेलं लाकूड खात तीन ते सात वर्षं मातीतच काढते. जिवंत झाडाला ती काहीच करत नाही. मग एका मे-जूनच्या उबदार संध्याकाळी तो भुंगेरा बाहेर येतो, काही आठवडे उडतो, जोडीदार शोधतो, आणि संपतो. युरोपात ठिकठिकाणी तो कमी होत चालला आहे, दक्षिण लंडन हा त्याच्या उरलेल्या बालेकिल्ल्यांपैकी एक. 1992 मध्ये पार्कला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचं स्थळ म्हणून आणि 2000 मध्ये राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला. याशिवाय युरोपीय कायद्याखाली ते विशेष संवर्धन क्षेत्र ठरलं, ते मुख्यतः या एका किड्यासाठी.

आता आपल्या सहलीत काय होतं ते बघा. मुलं पडलेल्या फांद्या ओढून आणून झोपड्या बांधतात, आपण कौतुकाने फोटो काढतो. कुणीतरी कुजलेलं खोड लाथेने फोडून आत किडे दाखवतं. सात वर्षं अंधारात वाढलेली अळी उन्हात पडली की तासाभरात कावळ्याच्या पोटात जाते. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र पार्कच्या कर्मचाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

खरं तर ही गोष्ट आपल्याला कुणी इंग्रजाने शिकवायला नको होती. सह्याद्रीत आपल्याकडे देवराया आहेत. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं, असा धाक आजोबा-पणजोबांनी घालून ठेवला होता. म्हणून कोकणात आणि मावळात आजूबाजूचं रान गेलं तरी देवराईतले महावृक्ष टिकले. रिचमंड पार्कात देव नाही, राजा होता. पण नियम तोच लागू पडतो, आणि तो पाळायला आपण मराठी माणसं तर सगळ्यांच्या पुढे असायला हवीत.

गवताबद्दल थोडं. पार्कातलं बरंचसं गवत निकस, आम्लधर्मी मातीवरचं आहे, आणि लंडन परिसरात अशा गवताचा एवढा मोठा सलग तुकडा दुसरीकडे नाही. या गवताला खत नको असतं. माती सुपीक झाली की धट्टीकट्टी गवतं माजतात आणि हेअरबेल, टॉर्मेंटिल अशी नाजूक फुलं हटतात. उरलेला पुलाव, केळीची सालं, कुत्र्यांची घाण, या सगळ्याचं तिथे खतच होतं. ‘कुजून जाईल, नैसर्गिकच तर आहे’ हे वाक्य मी आपल्याच मंडळींच्या तोंडून फार ऐकलं आहे. तिथे नेमकं तेच नको आहे.

गवतात जे शेकडो बुटके उंचवटे दिसतात ती पिवळ्या मुंग्यांची वारुळं आहेत. एकेक वारूळ उभं राहायला दशकं लागतात. न नांगरलेल्या जुन्या कुरणाची ती खूण आहे. हिरवा सुतारपक्षी पोट भरतो तो मुख्यतः या मुंग्यांवर. मुलांना ते उड्या मारायला आणि थोरांना बसायला सोयीचे वाटतात, तर कृपा करून ते टाळू या. जमिनीवर घरटं करणारा चंडोलही याच गवतात असतो. मार्च ते जुलै त्याचा विणीचा काळ, तेव्हा फलक लावलेल्या भागात पायवाट सोडायची नाही आणि कुत्रा साखळीला ठेवायचा. आकाशात ठिपका होऊन गाणारा चंडोल आपल्याला माळरानावरून चांगला ओळखीचा आहे. लंडनमध्ये तो ऐकायला मिळतो अशा जागा फार कमी उरल्या आहेत.

आणि हरणं. सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यांच्याविषयी.

पार्कात सहाशेच्या वर हरणं आहेत, दोन जातींची. मोठं ते तांबडं हरीण, काश्मीरच्या हंगुलच्या जवळच्या नात्यातलं. लहान, बहुधा ठिपकेवालं, ते फॅलो. माणसांच्या गर्दीला ती सरावली आहेत, माणसाळलेली नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती माजावर येतात. तेव्हाचा नर दीडशे किलोच्या पुढचा असतो, धड खात नाही, झोपत नाही, शिंगांना नेच्याची पानं गुंडाळून घशातून डरकाळ्या फोडतो आणि दुसऱ्या नराच्या अंगावर धावून जातो. तो वाटेत कुणाला बघत नाही. याच महिन्यांत आपल्या सहली सर्वांत जास्त असतात, कारण पानं रंगतात आणि फोटो छान येतात. दर ऑक्टोबरात मी कुणा ना कुणाला लहान मुलाला नरापासून चार पावलांवर उभं करून ‘अजून थोडा मागे हो’ म्हणताना पाहते. ते मराठी ऐकून पोटात गोळा येतो. पार्कचा नियम आहे की हरणापासून किमान 50 मीटर लांब राहायचं. फोनला झूम असतो, दुर्बीण कुणाकडे तरी असतेच. दुर्बिणीतून ती डरकाळी फोडताना नराच्या तोंडातून निघणारी वाफ दिसते, आणि चार पावलांवरून काढलेल्या कुठल्याही सेल्फीपेक्षा ते बघणं कितीतरी मोठं आहे.

मे ते जुलै हा पाडसांचा काळ. मादी पाडसाला ब्रॅकनच्या दाट नेच्यात लपवून स्वतः चरायला जाते आणि अधूनमधून पाजायला येते. एकटं पडलेलं पाडस दिसलं की आपल्याला वाटतं, आई सोडून गेली. तसं नसतं. हात लावायचा नाही, जवळ उभंही राहायचं नाही, कारण आपण तिथे असेपर्यंत आई येणार नाही. या काळात मादी कुत्र्यावर धावून जाते, म्हणून कुत्रा साखळीलाच ठेवावा लागतो. 2011 मध्ये एक कुत्रा याच पार्कात हरणांचा कळप रस्त्यापलीकडे पिटाळत नेताना दिसला आणि ती चित्रफीत जगभर गाजली. सगळे हसले. मला त्यात गाड्यांच्या रस्त्यावर जिवाच्या भीतीने धावणारी जनावरं दिसतात.

खायला घालणं हा आपला खास दोष, आणि तो मायेपोटी येतो. गाईला घास काढून ठेवणारे आपण, हरणापुढे केळं धरल्याशिवाय आजींना चैन पडत नाही. पण हरणाला माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ते पुढच्या माणसाकडून मागू लागतं, आणि एक दिवस शिंगांनी मागतं. मग त्या हरणाला माणसांच्या जवळ ठेवणं धोक्याचं ठरतं आणि शिक्षा त्यालाच होते. खायला घालायला नियमानेही मनाई आहे. शरद ऋतूत चेस्टनट आणि ओकची फळं वेचून पिशव्या भरून नेणंही थांबवायला हवं. हिवाळ्याआधी चरबी साठवायला हरणांना तेच लागतं. मशरूमचंही तसंच, पार्कातून काहीच वेचून न्यायचं नाही. गळालेलं शिंग सापडलं तरी जागीच ठेवावं. त्यातल्या चुन्यासाठी हरणं ती चघळतात.

एका अवघड विषयावरही लिहिते, कारण मंडळाच्या सहलीत तो प्रश्न नेहमी निघतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत पार्क रात्री पायी जाणाऱ्यांनाही बंद असतं, कारण तेव्हा काही हरणं मारून त्यांची संख्या आटोक्यात ठेवली जाते. आपल्यातल्या अनेकांना हे ऐकवत नाही. मलाही ते सोपं वाटलेलं नाही. पण भिंतीच्या आत बिबट्या नाही, लांडगा नाही. हरणं वाढत गेली तर हिवाळ्यात उपाशी मरतील, आणि त्याआधी एकही कोवळं झाड वाढू देणार नाहीत. मी या कामाच्या बाजूने आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान खायला घालून वाचवण्याचा मार्ग धरू नये, कारण त्याने कुणीच वाचत नाही.

पोपटांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ओकच्या शेंड्यांवर किलबिलाट करणारे ते हिरवे, लाल चोचीचे पक्षी म्हणजे आपलेच राघू. पाळलेल्यांपैकी सुटलेले, 1970 च्या आसपासपासून इंग्लंडात रुजलेले. पहिल्यांदा आलेल्या सासूबाईंचा चेहरा त्यांना पाहून उजळतो, आणि तो आनंद मी कुणाचा हिरावून घेणार नाही. फक्त त्यांना दाणे घालू नका. ते वर्षाच्या सुरुवातीलाच झाडांच्या ढोल्या बळकावतात, आणि त्या ढोल्यांवर जगणारे इथले मूळ पक्षी मागे पडू शकतात.

पार्काला वर्षाकाठी पन्नास लाखांहून जास्त भेटी होतात. त्यात आपण किती, असं कुणी म्हणेल. आपण मूठभरच आहोत. पण आपण एकेकटे जात नाही, साठ-सत्तरच्या गटाने जातो, आणि गटाला शब्द देता येतो, पाळता येतो. म्हणून मंडळांकडे माझं मागणं असं आहे. सहलीची सूचना पाठवताना तारीख आणि जेवणाच्या यादीबरोबर हरणांपासूनचं अंतर, फांद्यांना हात न लावणं आणि कचरा घरी परत नेणं हेही लिहा. मोठ्या गटाचा ठरवून केलेला कार्यक्रम असेल तर आधी पार्कची परवानगी काढा. स्पीकर आणि बार्बेक्यू घरी ठेवा. 2022 च्या उन्हाळ्यात देशात पहिल्यांदाच तापमान 40 अंशांपुढे गेलं तेव्हा इथलं गवत कसं करपून गेलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एक ठिणगी पुरली असती. चटया टाकायला पेम्ब्रोक लॉजचा परिसर धरा, वृद्ध ओकच्या बुंध्याशी बसू नका, कारण तिथली माती दाबली गेली की मुळांचा श्वास कोंडतो. ज्यांना फुलांची बागच बघायची आहे त्यांनी एप्रिलच्या शेवटी इझाबेला प्लँटेशनमध्ये जावं; पार्कचा तेव्हाचा उप-रेंजर लॉर्ड सिडमथ याने 1831 मध्ये कुंपण घातलेली आणि 1953 पासून सर्वांना खुली असलेली ती जागा तेव्हा अझेलियांनी पेटलेली असते. नेच्यातून चालायचं तर पूर्ण पायघोळ पँट घाला आणि घरी आल्यावर मुलांचं अंग तपासा. तिथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो.

आणि एक सहल तरी जेवणाशिवाय करा. किंग हेन्रीज माउंडच्या टेकाडावरून झाडीतल्या फटीतून सेंट पॉलचा घुमट दाखवा. सोळा किलोमीटरवरचं ते दृश्य अडू नये म्हणून मधल्या शहरातल्या इमारतींवर बंधनं आहेत, हे ऐकून शाळकरी मुलं चकित होतात. तिथून पेन पाँड्सकडे उतरा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून ही तळी उपसून कोरडी केली होती. वाटेत एका आडव्या पडलेल्या ओकपाशी दहा मिनिटं नुसतं थांबा, हात न लावता, आणि त्यावर काय काय चालतं-उडतं ते मुलांना मोजू द्या. ज्यांच्या घरामागे बाग आहे त्यांनी परत आल्यावर कोपऱ्यात एक ओंडका अर्धा पुरून ठेवावा. न्यू मॉल्डन, सर्बिटन, वूस्टर पार्क भागांत आपली कितीतरी घरं आहेत, आणि स्टॅग बीटल भिंत ओलांडून आपल्या अंगणातही येतो.

पुढच्या सहलीची तारीख ठरली की कळवा. पाच-दहा जणांच्या लहान गटाला सोबत घेऊन फिरायला मी केव्हाही तयार आहे. जूनमधली संध्याकाळ निवडलीत तर भुंगेरे उडताना दिसण्याची आशा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पार्कच्या किंग्स्टन बाजूची एक रहिवासी